चूल एक, माठ एक, बाटलीही एक

गेल्या महिन्यात माझी स्वतःची तपासणी झाली. समोरची पोरगी माझ्या कोपराच्या खोबणीत टिचक्या मारत होती, मूठ आवळा म्हणत होती, आणि शीर काही तिला सापडत नव्हती. मी म्हटलं, "अगं, डावा हात घे. थोडी बाहेरच्या बाजूला बघ. उजवी पहिल्यापासून कामचुकार आहे." ती म्हणाली, "काकू, तुम्हाला कसं माहीत?" मी नुसतं हसले. श्रीरामपूर आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना सुया टोचून मी आयुष्यभर पोट भरलं, हे तिला सांगितलं असतं तर तिचा हात थरथरला असता, आणि दुखलं मलाच असतं.

मी लॅब टेक्निशियन. हा शब्द खेड्यात कुणी वापरत नाही. कुणी सिस्टर म्हणतं, कुणी मॅडम, आणि बहुतेकांसाठी मी 'रक्तवाल्या बाई'. चर्चमध्ये नवीन पास्टर आले तेव्हा कुणीतरी माझी ओळख याच नावानं करून दिली. त्या बिचाऱ्यांनी हात जोडले ते जरा लांबूनच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचं काम म्हणजे सुई टोचणं. सुई टोचायला कुणीही शिकतं. खरं काम असतं ते नाव आणि नळी यांचं लग्न लावण्याचं. साखरेची नळी करड्या झाकणाची, पेशी मोजायच्या तर जांभळ्या. रक्त घेतल्यावर नळीवर नाव लिहायचं ते त्या माणसासमोर, त्याला विचारून, त्याच्या वडलांच्या नावासकट. नंतर लिहू म्हणालात की मेलात. आमच्या भागात एका वस्तीवर एकाच नावाचे तीन चुलतभाऊ सहज निघतात. माझ्या हातून आयुष्यात एकही नळी बदलली नाही, हे मी जरा मान ताठ करूनच सांगते. पुढची गोष्ट या ताठ मानेमुळेच घडली.

आता शिरेबद्दल. तरुण माणसाची शीर दिसत नाही पण जागेवर असते. म्हाताऱ्याची चांगली जाड, निळी, फुगलेली दिसते, आणि सुई टेकवली की बाजूला पळते. तिला पकडायची तर आधी माणूस सैल पडावा लागतो. त्यासाठी माझ्याकडे एक हमखास प्रश्न होता, "काय आबा, उसाला तोड आली का?" हे विचारलं की आबा कारखान्याच्या चेअरमनपासून तोडणीच्या मुकादमापर्यंत सगळ्यांचा उद्धार सुरू करायचे. त्या भरात सुई कधी गेली आणि कधी बाहेर आली, त्यांना पत्ता लागायचा नाही. बायकांना ऊस चालत नाही. त्यांना सुनेबद्दल विचारायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका आजींचा रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. त्या तो घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "काहीच न्हाई निघालं? मंग माझं रक्त द्या माघारी." एक आबा उजवा हात कधीच पुढे करायचे नाहीत, कारण त्या हातानं म्हैस पान्हा सोडते. तुमचा हात दुखला तर म्हशीला कसं कळेल, असं मी विचारलं. तर म्हणाले, "तिला समदं कळतं. तुमालाच कळंना."

पण मला सांगायची आहे ती पुणतांब्याच्या तात्यांची आणि गयाबाईंची गोष्ट.

पुणतांब्याला आमच्या लॅबतर्फे महिन्यातून एकदा ज्येष्ठांची तपासणी असायची. सकाळी सकाळी मी स्कूटीवर बर्फाचा निळा डबा बांधून निघायची. दुतर्फा ऊस, मध्येच डाळिंबाची बाग, गोदावरीचा गार वारा आला की समजायचं, गाव आलं. समाजमंदिरात दोन टेबलं मांडलेली असत. एकावर आमचे डॉक्टर, दुसऱ्यावर मी. ही मंडळी तपासणीला जत्रेसारखी यायची. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि आदल्या दिवसापासून गोड बंद. तपासणी ही त्यांच्या लेखी परीक्षाच होती. गावातले एक निवृत्त गुरुजी रिपोर्ट आले की पारावर बसून निकाल वाचायचे. "अमुकअमुक, प्रेशर, प्रथम श्रेणी. तमुकतमुक, साखर, काठावर पास." नापास झालेल्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असा दंडक होता. चहा मात्र बिनसाखरेचा.

तात्या हे एके काळचे पैलवान. कान अजून चुरगळलेले, मान बैलासारखी, हात असे की रबरी पट्टा पुरायचा नाही. जत्रेतल्या कुस्त्यांत ह्या माणसानं भल्याभल्यांना आभाळ दाखवलेलं. आणि हा माणूस सुईला भ्यायचा. साधंसुधं नाही, सुईचं पाकीट फाडल्याचा आवाज आला तरी कपाळाला घाम. कबूल मात्र करायचे नाहीत. कधी एकादशी असायची, कधी अमावास्या. एकदा म्हणाले, "आज पेरनीची घात हाय बाई, अशा दिवशी रक्त सांडू नये." मी म्हटलं, "तात्या, पेरणी होऊन दीड महिना झाला." ते म्हणाले, "दुबार पेरनी हाय."

त्यामुळे तात्यांची तपासणी व्हायची ती फक्त लघवीची. नाव लिहिलेली बाटली आधीच घरी दिलेली असायची, तपासणीच्या सकाळी ती भरून यायची. मी कामाला लागले तेव्हा लघवीतली साखर स्पिरिटच्या दिव्यावर बघायची. निळं औषध, त्यात थेंब, मग उकळी. निळंच राहिलं तर सुटलात. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर जपा. आता कागदाची पट्टी बुडवली की तीच रंग बदलते. तात्यांच्या पट्टीनं पहिल्याच वेळी रंग बदलला. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा आणि रक्त द्या. तात्यांनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं.

खरं तर ऐकलं ते गयाबाईंनी. तात्यांची बायको ही काटक, सावळी, हातात सतत काहीतरी काम. तपासणीला त्या कायम तात्यांबरोबर यायच्या, पण आत नाही. बाहेर पायरीवर बसायच्या, तात्यांची पिशवी आणि चपला सांभाळत. त्यांनी घरी असा कायदा लावला की विचारू नका. तात्यांचा चहा बिनसाखरेचा. सकाळी कारल्याचा रस. भाकरीबरोबरचा गुळाचा खडा बंद, सणाची पोळी बंद. तात्या लहान पोरासारखं तोंड करून डॉक्टरांना सांगायचे, "सायेब, पोळ्याच्या दिवशी बैलानं पुरन खाल्लं, मी न्हाई." आम्ही हसायचो. गयाबाई पायरीवरून म्हणायच्या, "आन् ह्यांच्या वाटनीचं टाकायचं व्हय? अन्न हाय ते. मीच खाते, जीव मारून."

आणि गंमत बघा. तात्यांचं गोड बंद झालं तशी पट्टी सुधारायची सोडून आणखी गडद व्हायला लागली. पुढच्या महिन्यात जास्त, त्याच्या पुढच्या महिन्यात त्याहून जास्त. गुरुजी पारावर वाचायचे, "तात्या. साखर. सपशेल नापास." तात्यांनी गावाला इतक्या वेळा चहा पाजला की शेवटी गुरुजींनाच दया आली.

डॉक्टर हटूनच बसले. म्हणाले, "तात्या, आता रक्त दिल्याशिवाय पुढची तपासणी नाही. उद्या डोळे जातील, किडनी जाईल." तात्यांनी पायरीकडे बघितलं. गयाबाई उठून आत आल्या, पहिल्यांदाच. त्यांनी पदराचं टोक तात्यांच्या डोळ्यांवर धरलं आणि म्हणाल्या, "बाई, घ्या उरकून." एवढा मोठा गडी, पदराआड डोळे मिटून बसला. तोडीच्या प्रश्नाचाही उपयोग नव्हता. शीर मात्र झकास, पाण्याच्या पाइपासारखी. काम झालं, कापूस लावला, तरी तात्या तसेच. मी म्हटलं, "तात्या, झालं." पदराआडून आवाज आला, "सुई घातली का अजून?"

नळीवर नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट, त्यांच्यासमोर. हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. समोर दोन कागद. लघवीत साखर भरपूर. रक्तात जास्तीची नावालासुद्धा नाही. उपाशीपोटीची उत्तम, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी असते तीही उत्तम. माझी स्वतःची एवढी चांगली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "काही माणसांच्या मूत्रपिंडातूनच साखर गळते, रक्तात नसली तरी. तसं असेल. नाहीतर मग..." ते हळूच म्हणाले, "बाटली बदलली का हो?"

त्या माणसाबद्दल मला आदर आहे, अजूनही आहे. पण त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटली बदलली? माझ्या हातून? मी म्हटलं, "सर, उद्या सकाळी मी स्वतः तात्यांच्या वस्तीवर जाते. बाटली त्यांच्या हातात देते आणि त्यांच्या हातून घेते. मध्ये कुणी नाही." ते म्हणाले, "अहो, पुढच्या महिन्यात बघू की." मी म्हटलं, "उद्या." घरी येऊनही माझं डोकं शांत होईना. चपात्या लाटल्या त्या सगळ्या वाकड्या झाल्या.

वस्ती गावाबाहेर, उसाच्या कडेला. मी पोचले तेव्हा उजाडलं होतं. गयाबाई चुलीपुढे, तात्या गोठ्यात. मी स्कूटी लावली आणि रामराम-बिमराम न करता बाटलीच पुढे केली. "तात्या, आत्ताच्या आत्ता. मी इथं उभी आहे."

तात्या बाटली घेऊन गोठ्यामागे गेले. मी वाट बघितली. कोंबड्या बघितल्या. म्हशीनं मला बघितलं. बऱ्याच वेळानं तात्या आले, बाटली रिकामीच. एवढा पैलवान माणूस, पण मान खाली. "येत न्हाई बाई. कुनी वाट बघतंय म्हनलं की येतच न्हाई. पहिल्यापासनं तसंच हाय."

तेवढ्यात गयाबाई चुलीपासून उठल्या, हात पदराला पुसले, तात्यांच्या हातातली बाटली घेतली, म्हणाल्या, "द्या हिकडं," आणि घरामागे निघाल्या. माठातून तांब्या भरून आणायला निघावं इतक्या सहज.

मी ओरडलेच. "मावशी, थांबा! कुठं निघालात?"

त्या वळल्या. चेहऱ्यावर काही नाही. "बाटली भरून आनते की."

"ती तात्यांची आहे!"

"मंग? कवाबी मीच भरून देते. ह्यांना येत न्हाई आन् तुमची गाडी खोळंबती."

"कवाबी म्हणजे? पहिल्यापासून?"

"व्हय."

एवढे महिने माझी पट्टी, डॉक्टरांचा सल्ला, गुरुजींचा निकाल, तात्यांचा कारल्याचा रस, सगळं या एका बाटलीवर उभं होतं. मी म्हटलं, "मावशी, असं करतात का? तपासणी त्यांची, आणि..."

गयाबाई मला समजावायला लागल्या, अडाणी माणसाला समजवावं तसं. "बाई, आमची चूल एक. माठ एक. जी भाकर ते खात्यात तीच मी खाते, जे पानी ते पित्यात तेच मी पिते. चाळीस वर्सं झाली. मंग ह्यात निराळं काय यायचं? त्यांच्या बाटलीत काय सोनं निघनार हाय?"

खरं सांगते, मला आधी हसू आलं. आणि माझ्या हातून बाटली बदलली नव्हती या आनंदात मी दोन क्षण नुसती हसत उभी राहिले. बाटली बदलली होती, पण ती घरामागे, माझ्या राज्याबाहेर. मग हसता हसता माझी नजर घरामागच्या न्हाणीकडे गेली. तिथं एक सपाट दगड होता, आणि दगडापाशी मुंगळ्यांची काळी रांग लागली होती. तुरळक नाही, गूळ सांडल्यावर लागते तशी.

लघवीला मुंगळे लागले म्हणजे साखर, हे खेड्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी विचारलं, "तात्या, तुम्ही इथं येता?"

"मी? मी पहाटंच रानात जातो. हितं ह्या बायामानसांचं."

हे बोलले आणि तात्या थांबले. त्यांनी दगडाकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. सुईला घाबरणारा हा माणूस बुद्धीनं काही मंद नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, "आगं, मंग ती साखर तुझी हाय."

तेव्हा कुठे मी गयाबाईंकडे नीट बघितलं. इतके महिने त्या पायरीवर बसलेल्या दिसायच्या, त्यापलीकडे मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. गळ्याची हाडं वर आलेली. चोळी सैल. चुलीजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला हळदीनं पिवळी झालेली चिंधी. मी विचारलं, काय झालं? म्हशीसाठी घास कापताना विळा लागला. कधी? "झालं की दोन म्हैनं. भरतंय हळूहळू." भरत नव्हतं. चिंधीखालून वास येत होता, आणि तो वास मला कामामुळे चांगला ठाऊक होता. माझं हसू तिथंच विरलं.

मी म्हटलं, "मावशी, हात द्या. रक्त घेऊ." त्या एकदम मागे सरकल्या. "मला काय धाड भरलीय? मी दोन मानसांचं काम करते."

"म्हणूनच म्हणते."

"न्हाई म्हनलं ना! माझी थोरली बहीन अशीच कोपरगावला तपासून आली. चांगली हिंडती-फिरती बाई. तपासलं आन् साखर निघाली, वरीसभरात पाय कापला. तपासलंच नसतं तर काय झालं नसतं. मला न्हाई तपासायचं." डोळ्यांत पाणी आलं तरी हात पाठीमागे घट्ट धरलेले.

मी खूप समजावलं. तपासल्यानं साखर येत नाही, असलेली कळते. तुमच्या बहिणीला उशिरा कळली म्हणून पाय गेला, लवकर कळली असती तर राहिला असता. मी हे शेकडो वेळा बोललेले आहे, आणि ते खरंच आहे. पण घाबरलेल्या माणसाला खरं पुरत नाही. गयाबाई नुसती मान हलवत राहिल्या.

तात्या ओट्यावर बसले. बंडीची बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे केला. "बाई, मला टोचा."

"तात्या, तुमचं परवाच घेतलंय."

"परत घ्या. तिला बघू द्या." मग बायकोकडे वळून म्हणाले, "आगं, ह्या वक्ताला पदर न्हाई धरायचा. उघड्या डोळ्यानं बघनार हाय मी. तू म्हनतीस ना चूल एक, माठ एक? मंग दुखनं तुझं आन् कारल्याचा रस मी प्यायचा, आसं किती दिस? आता माझ्यामागं तू. सुई बी एकच."

"सुई निराळी हं!" मी घाईघाईनं म्हटलं. "चूल काय वाटेल ती एक ठेवा, सुई निराळी." गयाबाईंना त्या रडण्यात हसू आलं.

मी तात्यांना टोचलं. गरज नव्हती, तरी टोचलं, आणि वरच्यानं माफ केलंच असेल. तात्या सुईकडे टक लावून बघत होते. कपाळावरून घाम गळत होता, ओठ दाबलेले, पण डोळे उघडे. एवढी मोठी कुस्ती त्या माणसानं कुठल्याच जत्रेत मारली नसेल. सुई बाहेर आली तेव्हा ते म्हणाले, "बघ. हाय का काय?" आणि ओट्यावर आडवे झाले. आम्ही दोघींनी पाणी मारलं.

नवऱ्याच्या तोंडावर पाणी मारता मारताच गयाबाईंनी दुसरा हात माझ्यापुढे केला. माझ्याकडे न बघता. मी उसाचं नाही विचारलं, सुनेचं नाही विचारलं. शीर बारीक होती, पण पळाली नाही.

माझ्याजवळच्या छोट्या मशिनवर थेंब ठेवला तर आकडा चारशेच्या घरात. मी त्या दोघांना लगेच रस्त्यावरच्या एका जीपमध्ये घालून डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांनी चिंधी सोडली, पाय दाबून बघितला. मग म्हणाले, "मावशी, आणखी थोडे दिवस थांबला असतात तर मी अंगठ्याबद्दल बोललोच नसतो, पायाबद्दल बोललो असतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, बाटलीचं मी मागे घेतो." मी म्हटलं, "राहू द्या सर. बाटली बदलली नसती तर यांचं कधी कळलं असतं?" आणि ते खरंच होतं. गयाबाई स्वतःच्या नावानं जन्मात कधी बाटली घेऊन आल्या नसत्या. नवऱ्याच्या नावानं आल्या म्हणून सापडल्या.

अंगठा राहिला. गोळ्या, इन्सुलिन, रोजचं ड्रेसिंग, नगरच्या दोन चकरा, हे सगळं झालं, पण राहिला. ड्रेसिंगला तात्या स्वतः त्यांना सायकलवर पुढे बसवून आणायचे. इन्सुलिनची सुई द्यायलाही तेच शिकले. पहिले काही दिवस सुई गयाबाईंना आणि घाम तात्यांना, असं चालायचं. जखम भरल्यावर गयाबाई नदीच्या घाटापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या, आणि मला फोन करून म्हणाल्या, "बाई, घाटावर जाऊन आले. बोटं समदी हायती, मोजून आले."

मला एकाच गोष्टीची हळहळ वाटते. अशा किती गयाबाई किती समाजमंदिरांच्या पायऱ्यांवर चपला सांभाळत बसलेल्या असतील. त्यानंतर मी पुणतांब्यात एक नियम केला. सत्यनारायणाला जसं जोडीनं बसतात तसं तपासणीला जोडीनं बसायचं, एकटा नवरा आला तर परत पाठवायचा. जिचा जोडीदार गेला असेल तिनं शेजारणीला आणायचं. मी ख्रिस्ती बाई सत्यनारायणाचा दाखला देते म्हणून मंडळी आधी हसली, मग ऐकायला लागली. आणि नियम मोडणाऱ्याला पकडायला दारात उभ्या असायच्या गयाबाई. बाटली ज्याची त्यानंच भरली ना, याची खात्री करायची त्यांची पद्धत मात्र इथं लिहिता येणार नाही.

मी निवृत्त झाले त्या महिन्यात पुणतांबेकरांनी माझा छोटासा निरोप-समारंभ केला. गुरुजींनी निकाल वाचला. "गयाबाई. साखर. द्वितीय श्रेणी, प्रगती उत्तम. तात्या. साखर. विशेष प्रावीण्य." टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि तात्यांपुढे धरला. "घ्या तात्या. तुम्हाला कधीच साखर नव्हती. उगाच कारलं प्यायलात. आज माझ्यासमोर दोन खा."

तात्यांनी बॉक्समध्ये बघितलं. मग शेजारी बसलेल्या गयाबाईंकडे बघितलं आणि हात जोडले. "नको सायेब. घरात चूल एक हाय."

आजूबाजूच्या म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. इतक्या वर्षांत मी साखर मोजायला शिकले, पण अशी माया मोजायची कुठली पट्टी आमच्याकडे नव्हती.

गयाबाईंनी मात्र डोळे पुसले नाहीत. त्या माझ्या कानाशी आल्या आणि अगदी हळू, तात्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "बाई, रोज रातीला ह्यांची बंडी मी खुटीला लावते. खिशाला मुंगळे लागलेलं असत्यात. रानात गडी-मानसांसंगं गूळ खात्यात."

मी म्हटलं, "मग? बोलत नाही तुम्ही?"

"कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. "मी निजायच्या आत मुंगळे झटकून ठिवते. म्हंजी त्यांना वाटतं, मला ठावं न्हाई."